जिजींच्या तेराव्याचे उखाणे

आधी माफी मागते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, आणि वेलांटी पहिली की दुसरी हे मला आजही कुणाला तरी विचारावं लागतं. चौथी पास झाले तेव्हा गावातली शाळा संपली आणि माझं शिक्षणही संपलं. ही वही नातीची आहे. पुढच्या पानांवर तिची गणितं, मागची कोरी पानं माझी. कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण चुकून कुणाच्या हाती पडलीच, तर चुका पोटात घालाव्यात.

नावं लिहिणार नाही. नवऱ्याचं नाव आम्ही तोंडानं घेत नाही, मग कागदावर तरी कसं घेऊ. उखाण्यात जिथं नाव येतं तिथं नुसती रेघ ओढेन.

जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ. राजपुऱ्यातल्या या घरात आम्ही दोघींनी एका चुलीवर संसार केला. त्यांचे मालक, माझे भासरे, यांना सगळे दादा म्हणतात. जसोंडीच्या रस्त्याला त्यांचा केळीचा मळा आहे. आमचे हे कागदाच्या मिलमध्ये होते, आता घरीच असतात आणि माझ्या भाजीत मीठ कमी आहे की जास्त ते सांगतात.

जिजींना लिहिता येत नव्हतं. सही करायच्या तीसुद्धा चित्र काढल्यासारखी. पण गल्लीत लग्न ठरलं की नवरीची आई सगळ्यांत आधी आमच्या दारात यायची. पोरीला उखाणा पाहिजे. जिजी पोरीला समोर बसवायच्या, नवरा काय करतो, रागीट आहे का, सासरी म्हैस आहे का, असं सगळं विचारायच्या. मग पोळ्या लाटता लाटता उखाणा तयार. त्याच नवरीला बसेल असा, दुसरीला न चालणारा. पैसे घ्यायच्या नाहीत. फक्त उखाणा म्हणताना पोरगी अडखळली की पुढचं वर्षभर चिडवायच्या.

माझ्यासाठीही त्यांनी केला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या या घरात नवीनच होत्या, पण मी इतकी लाजाळू आहे हे त्यांना साखरपुड्यातच कळलं होतं. म्हणून मुद्दाम एवढासा केला. म्हणाल्या, "मधे श्वास घ्यायलासुद्धा लागणार नाही तुला."

मांड्याची घडी, दुधावरची साय,
— रावांचं नाव घेते, आणखी काय.

इतका सोपा. तरी वरात दाराशी आली, नणंद उंबऱ्यावर आडवी उभी राहिली, "नाव घे, मग आत ये," म्हणाली, आणि माझी वाचाच गेली. मांड्याची म्हटलं आणि थांबले. घडी पुढे येईना. मागे वाजंत्रीवाले कंटाळले. कुणी म्हणालं, मुकी आहे का. नणंद माझ्याच वयाची, शाळेतल्या मॉनिटरसारखी कडक. म्हणाली, "नाव नाही तर दंड. सव्वा रुपया."

जिजींनी कमरेची पिशवी सोडली, रुपया आणि चवन्नी नणंदेच्या हातावर ठेवली आणि माझा हात धरून मला आत ओढलं. आत आल्यावर कानाशी म्हणाल्या, "हे उसने आहेत हं. पण रोख घेणार नाही. चारचौघांत नाव घेशील त्या दिवशी फिटले."

ते कधी फिटलेच नाहीत. हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो, नाव घ्यायची वेळ आली की मी भांडी घासायला उठायचे. माझ्याइतकी लख्ख भांडी गल्लीत कुणाची नसतील. दोनतीनदा मी जिजींना सव्वा रुपया द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "ठरलं ते ठरलं."

मनात मात्र मी तो उखाणा रोज म्हणायचे. कणीक मळताना, दळण निवडताना. नावासकट.

जिजी आजारी पडल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलंय, आता घरीच आराम. त्यांच्या आवाजावर काही ते दिसत नव्हतं. एक दिवस मी त्यांना पेज भरवत होते. त्याआधी गल्लीत एक तेरावं झालं होतं. तिथं एका पाहुण्यानं माइक धरून इतकी लांब कविता वाचली होती की पुऱ्या चामड्यासारख्या झाल्या आणि जिजी घरी येऊन आठवडाभर त्याची नक्कल करत होत्या. तेच आठवून म्हणाल्या, "माझ्या वेळी असलं कुणी वाचलं तर मी फोटोतून उठून येईन."

मी म्हटलं, "जिजी, असलं बोलू नका."

"का नको? मग कोण बोलेल? वाचायचं तर माझंच वाचा. कितीतरी उखाणे केलेत, त्यातले दोनचार. तू निवड आणि तूच म्हण."

"मी?"

"तूच. सव्वा रुपया आहे माझा तुझ्याकडे."

मी चमचा वाटीत फिरवत राहिले. त्या पाहत होत्या. शेवटी मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मान हलवून चालत नाही, हो म्हण." मी हो म्हटलं. बस, झालं. अडकले.

जिजी गेल्या त्या झोपेतच. दादांच्या आधी गेल्या, अहेव गेल्या. आम्ही त्यांना हिरवी साडी नेसवली, हातभर बांगड्या भरल्या, मळवट भरला, ओटी भरली. पुन्हा एकदा नवरी. रडू आलं, पण त्या मळवटात त्या इतक्या ऐटदार दिसत होत्या की आता उठून कुणाचं तरी लग्न जमवतील असं वाटलं.

पुतण्या, म्हणजे जिजींचा मुलगा, इंदूरला नोकरी करतो. दहावं झालं त्या संध्याकाळी तो मोबाइल घेऊन माझ्याजवळ स्वयंपाकघरात आला.

"काकू, तेराव्याला श्रद्धांजलीचा छोटा कार्यक्रम ठेवू. मी दोन कविता काढल्यात हिंदीत. बहुत अच्छी हैं. ऐक."

त्यानं वाचली. चांगलीच असेल. तिच्यात दिवा होता, वादळ होतं, आभाळातला तारा होता. जिजी कुठे नव्हत्या.

मी खूप वेळ भाजी चिरली आणि मग त्याला जिजींचं म्हणणं सांगितलं.

"उखाणे? तेराव्याला?" तो म्हणाला. "लोग क्या कहेंगे, काकू?"

"त्यांनी सांगितलंय."

"आणि म्हणणार कोण?"

मी पातेल्यात पाणी ओतलं. त्याला समजलं. बिचारा, आईच्या दुःखातसुद्धा त्याला हसू आलं. म्हणाला, "काकू, तू तर फोनवर हॅलोपण म्हणत नाहीस. फोन कानाला लावून नुसती उभी राहतेस."

खरं होतं ते. मी म्हटलं, "बघू."

तो म्हणाला, "ठीक आहे, पाच मिनिटं देतो. तू तीनचार निवड. नाही जमलं तर मी कविता वाचतो. तयारच आहेत."

आता निवडायचे तर उखाणे हवेत. जिजींचे उखाणे कुठे लिहिलेले नव्हते. ज्या त्या बाईच्या तोंडात होते. त्या दिवसांत बायका भेटायला येतच होत्या. दारातून डोळ्याला पदर लावून यायच्या, माझ्याजवळ टेकायच्या. मी हळूच विचारायचे, "जिजींनी तुझ्यासाठी कोणता केला होता?" की पदर खाली. डोळे पुसलेलेच, पण चेहरा वेगळा.

यंत्रमागावर काम करणाऱ्याची बायको म्हणाली, माझा ऐक.

मागावर धावतो इकडून तिकडं धोटा,
— रावांचा रुबाब मोठा, पगार मात्र छोटा.

"भर मांडवात म्हटला मी," ती म्हणाली. "सासऱ्यांनी मुलाकडे असं पाहिलं, असं पाहिलं. लग्नात पगार वाढवून सांगितला होता ना. जिजींनी कुठून काढलं देव जाणे."

शाहपूरला मळा असलेल्या घरची एक सून आली होती. तिचा हा.

मळ्यात दिवसरात्र चालतो पंप,
— राव घोरायला लागले की घरात भूकंप.

"लग्नाआधी तुला कसं कळलं गं, घोरतात म्हणून?" बाजूची म्हणाली.

"मला नाही, जिजींना. हे साखरपुड्याला येऊन जेवले आणि बैठकीत झोपले होते."

सगळ्या हसल्या. पदरात तोंड घालून, पण हसल्या. ओसरीवर दादा बसले होते, त्यांना ऐकू गेलं असेल म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. गल्लीतल्या सगळ्यांत मोठ्या त्या, रीतभात सगळी त्यांना विचारून.

"काय चाललंय हे? सुतकाच्या घरात खिदळणं?"

मी खाली पाहिलं. पण जिजींना शब्द दिला होता, म्हणून कसंबसं सांगितलं की उखाणे निवडतोय, तेराव्याला म्हणायला.

"उखाणे लग्नाचे असतात. शुभाचे. तेराव्याला कुणी नाव घेतं का?"

यंत्रमागवाल्याची बायको धीट आहे. ती म्हणाली, "काकू, जिजी अहेव गेल्या. मळवट तुम्हीच भरला. ओटी तुम्हीच भरली. नवरी करून पाठवली, मग नवरीला उखाणा नको?"

काकूंनी तोंडातल्या तोंडात काही हिशेब केल्यासारखं केलं. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "पण कुणाच्या नवऱ्याचं नाव घेणार तुम्ही तिच्या फोटोसमोर? ते काही बरं दिसत नाही."

हे मात्र बरोबर होतं. बायका गेल्या तरी मी त्याच विचारात. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापत होते आणि तोंडात तो पंपाचा उखाणा घोळत होता. रेघेच्या जागी कुणाला तरी बसवायचं म्हणून मी जिजींना बसवलं. जिजी घोरायला लागल्या की घरात भूकंप. आणि एकटीच चुलीपुढे हसले, कारण जिजी घोरायच्याच. मधल्या भिंतीतून ऐकू यायच्या. मग धोट्याचा करून पाहिला. जिजींचा रुबाब मोठा, पगार मात्र छोटा. बसला. पगार तर त्यांना कुणी कधी दिलाच नाही.

मग मला निवडायची रीत सापडली. ज्या उखाण्यात नवऱ्याच्या जागी जिजी बसतील तो घ्यायचा, नाही बसल्या तर सोडायचा. एकीच्या उखाण्यात मिशीला पीळ होता, तो गेला. एकीच्या उखाण्यात फटफटी होती, तोही गेला, जिजी बैलगाडीतसुद्धा डोळे मिटून बसायच्या. ज्यांचे गेले त्या रुसल्या. मिशीवाली म्हणाली, "थोडीशी होती की जिजींना, वरच्या ओठावर." मी म्हटलं, नको.

एक असा निघाला की मी लगेच घेतला.

केळीच्या पानावर वाढला भात,
— रावांनी धरला तो सोडायचा नाही हात.

यात जिजींचं नाव घातलं आणि मला आमचा उंबरा दिसला. त्या दिवशीही त्यांनीच धरला होता.

शेवटी माझा स्वतःचा, मांड्याच्या घडीचा. तो तर जिजींचं नाव घालून आधीपेक्षाही बरा लागत होता. जिजींचं नाव घेते, आणखी काय. खरंच, आणखी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चारही मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले. काकूंना म्हणून दाखवले. त्या म्हणाल्या, "घोरण्याचा घ्यायलाच हवा का?" मग स्वतःच म्हणाल्या, "घे. घोरायची खरी."

तेराव्याला दारापुढे मांडव होता. गल्लीतले, मळ्यातले, मिलमधले, पाहुणे, सगळे. मांडे, खीर, बुंदी. नणंद शाहपूरहून आली होती, आता स्वतः आजी झालेली, पण उंबऱ्यावरची ती कडक नजर तशीच. फोटोतल्या जिजी हसत होत्या. दादा फोटोशेजारी खुर्चीवर, गळ्यात गमछा. ते मुळात बोलतच नाहीत. जिजींचा स्वतःचा उखाणा त्यावरच होता.

केळीच्या झाडाला बांबूचा टेका,
— राव बोलतात कमी, म्हणून माझंच ऐका.

जिजी गेल्यापासून तर दादांनी हो आणि नाही एवढंच म्हटलं होतं. त्यांच्यासमोर मी आजही डोक्यावर पदर घेते. त्यांच्यासमोर माइकवर बोलायचं म्हणजे काय, ते माझं मलाच ठाऊक.

पुतण्यानं माइकवर सांगितलं, "आता आमची काकू दोन शब्द बोलेल. मम्मीची इच्छा थी." आणि माझ्याकडे बघून मोबाइल वर करून दाखवला, म्हणजे नाही जमलं तर मी आहे.

मी उभी राहिले. कागद उघडला. माझं अक्षर मलाच वाचता येईना. एरवीच ते वाचायला कठीण. मी कागद मिटला. मागे भांड्यांचा ढीग दिसत होता, तिकडे निघून जावं असं वाटलं. पण फोटोवर नजर गेली. सव्वा रुपया.

पहिला हाताचा म्हटला. आवाज निघाला तो मांजराच्या पिल्लासारखा. पुतण्यानं माइक माझ्या तोंडाशी आणला. दुसरा धोट्याचा. तो सुरू केला तशी यंत्रमागवाल्याची बायको खालून ओठ हलवू लागली, आणि "पगार मात्र छोटा" बायकांनी सगळ्यांनी मिळून म्हटलं. तिसरा भूकंपाचा. त्याला पुरुषांकडून हसू आलं. काकूसुद्धा हसल्या, मी पाहिलं.

मग शेवटचा, माझा. मांड्याची घडी, दुधावरची साय. घडी या वेळी बरोबर आली. आता जिजींचं नाव घ्यायचं. पण या उखाण्यात इतकी वर्षं मनात जे घोळवलं होतं ते दुसरंच. तोंडाला तेच पाठ. जिजींच्या तेराव्याला, फोटोसमोर, भासऱ्यांसमोर, माइकवर मी खणखणीत आवाजात नाव घेतलं ते आमच्या ह्यांचं.

सगळा मांडव थांबला. वाढपी बुंदीचं ताट घेऊन तसाच उभा. पुरुषांच्या पंगतीत हे पाणी पीत होते. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "अगं, मी अजून इथंच आहे."

आधी हसल्या त्या काकू. मग सगळेच. मी पदरात तोंड लपवलं तेव्हा दादांचा आवाज आला. खोकल्यासारखा वाटला. पाहिलं तर गमछा तोंडाला लावून ते हसत होते. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी. पुतण्या त्यांच्याजवळ जाऊन बसला, पाठीवर हात ठेवून. त्याच्याही डोळ्यांत पाणी.

मी पुन्हा म्हटला. या वेळी जिजींचं नाव घेतलं, नीट. दादांनी मान हलवली. पुतण्यानं मोबाइल खिशात टाकला.

पंगत उठल्यावर हे मागच्या दारी आले. मी भांड्यांजवळ होतेच. म्हणाले, "नाव बरं घेतेस की. मला आजवर वाटायचं तुला माहीतच नाही."

"गप्प बसा," मी म्हटलं.

नणंद मात्र सगळ्यांसमोर आली, कमरेवर हात ठेवून. "वहिनी, घेतलंस नाव. उशीर केलास, पण घेतलंस. आता दंड मला परत द्यावा लागेल." आणि बटव्यातून दोन रुपयांचं नाणं काढलं. "मोठ्या वहिनीचे सव्वा होते. चवन्नी आता चालत नाही कुठे. हे घे, वरचं व्याज समज."

दादा बाजूलाच होते. म्हणाले, "सव्वाच."

हो आणि नाही सोडून तेरा दिवसांत त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द. नणंद म्हणाली, "दादा, चवन्नी कुठून आणू मी?"

दादा पुन्हा म्हणाले, "सव्वाच होते." आणि आत गेले.

नणंद पुटपुटत शाहपूरला गेली. मला वाटलं, झालं, विषय संपला. पण महिन्याच्या पानाला, म्हणजे मासिक श्राद्धाला, ती आली ती सरळ माझ्यासमोर. तिच्या सासूबाईंच्या देवघरात जुन्या नाण्यांची डबी होती, ती तिनं सगळी पालथी केली होती. रुपया आणि चवन्नी माझ्या तळहातावर ठेवली. चवन्नी काळी पडलेली, पण चवन्नीच. म्हणाली, "मोज. नंतर म्हणशील कमी दिले."

मी डोक्यावर पदर घेतला, ओसरीवर गेले आणि दोन्ही नाणी दादांपुढे ठेवली. म्हटलं, "जिजींचे. माझ्याकडे होते."

दादांनी रुपया पाहिला. चवन्नी उलटी करून पाहिली, गमछ्यानं घासली, पुन्हा पाहिली. मग उठून आत गेले, जिजींची कमरेची पिशवी खुंटीवर तशीच होती, तिच्यात दोन्ही टाकली आणि नाडी ओढून गाठ मारली.

"फिटले," म्हणाले.